चित्र पोहोचले, मजकूर नाही
चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्याचा, रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत साठवलेला असतो; त्या प्रत्येक आकड्याच्या शेवटच्या बिटमध्ये (० किंवा १ या सर्वांत लहान अंकात) गुप्त मजकूर लपवला तर डोळ्यांना फरक कळत नाही, हे म्हणणे मान्य आहे. १००० बाय १००० पिक्सेलच्या रंगीत चित्रात असे ३० लाख बिट, म्हणजे पावणेचार लाख बाइट मावतात. मात्र ते चित्र पाठवायचे कसे, हा मुद्दा उरतोच. गेटवे ऑफ इंडियाच्या पीएनजी (पिक्सेल जसेच्या तसे जपणाऱ्या प्रकारच्या) चित्रात दोन ओळी लपवून मी ते दादरहून बोरिवलीच्या मित्राला मेसेजिंग ॲपवर नेहमीच्या फोटोसारखे पाठवले, तेव्हा ॲपने त्याचे जेपेग (बारीक तपशील गाळून फाइल लहान करणारा प्रकार) करून आकार घटवला आणि नेमके तेच शेवटचे बिट बदलल्याने मित्राच्या हाती (चित्र सुरेख असूनही) निव्वळ निरर्थक अक्षरे लागली. तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर फाइल न बदलता गेली आणि मजकूर जसाच्या तसा निघाला.