प्रतिसाद: रचना कळली म्हणजे काम कळलं?

वर कुणीतरी म्हटलंय की क्रिस्टल रचना (स्फटिकावरून काढलेली त्रिमितीय रचना) मिळाली की प्रोटीनचं काम कळलंच. इतकं सोपं नाही हो! स्प्लायसिंगमधलं (आरएनएतले नको असलेले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापून उरलेले भाग जोडण्यातलं) यू२एएफ६५ हे प्रोटीन घ्या. इंट्रॉनच्या शेवटाजवळची यू आणि सी हे बेस (आरएनएची अक्षरं) जास्त असलेली पट्टी ते ओळखतं; पुढची 'एजी' ही दोन अक्षरं त्याचा जोडीदार यू२एएफ३५ पाहतो. पट्टीतला क्रम तर दर जनुकात वेगळा, मग ओळख पटते कशी? २००६च्या क्रिस्टल रचनेत बेसशी संपर्क बहुतांशी लवचिक साइडचेन (प्रोटीनच्या कण्यातून बाहेर आलेल्या बाजूच्या साखळ्या) आणि पाण्याच्या रेणूंमार्फत दिसला. म्हणजे थोडंफार चालवून घ्यायची सोय! (मला हे फार आवडलं.) पण २०११मध्ये एनएमआरने (द्रावणातल्या रेणूंची रचना आणि हालचाल पाहणाऱ्या तंत्राने) दाखवलं की आरएनए नसताना या प्रोटीनचे दोन्ही आरआरएम (आरएनए पकडणारे भाग) मिटलेल्या स्थितीत असतात आणि जोरकस (घट्ट पकडली जाणारी) पट्टी मिळाली की उघडतात. ही हालचाल एकाच गोठलेल्या क्रिस्टलमध्ये कशी दिसणार?