स्विफ्टला टायर: जवळचा दुकानदार फक्त सिएट ठेवतो, घ्यावेत का?

प्रश्न: साइज १८५/६५ आर१५. सध्या दोनच बदलायचेत. दुकानात काय तपासू?

उत्तर १: सिएट चांगलाच आहे, ब्रँडवर अडू नका. आधी साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूवरचा) डॉट कोड बघा, त्यात टायर कधी बनला ते कळतं. शेवटचे चार आकडे ‘२३२५’ असतील तर २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा. साइजपुढे ८८एच हवं: ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार, एच म्हणजे जास्तीत जास्त वेग ताशी २१० किमी. त्याहून कमी आकडा नको.

उत्तर २: दोनच घेताय तर नवे मागे टाका. दुकानदार ‘पुढे टाका, गाडी पुढून ओढते’ म्हणेल, ऐकू नका. पावसात मागची चाकं घसरली की गाडी गरकन फिरते.

उत्तर ३: ट्यूबलेसचे व्हॉल्व्हही (हवा भरायच्या नळ्या) नवेच बसवून घ्या, जुन्याचं रबर तडकून हवा हळूहळू उतरते. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) हवंच, नाहीतर ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरायला जादा पैसे देऊ नका. हवेच्या दाबाचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा, थंड टायरमध्ये.

प्रश्नकर्ता: जुने पुढचे कधी काढू?

उत्तर १: खाचेतल्या १.६ मिमीच्या उंचवट्याला घासले की. पावसाळ्याआधी खाच ३ मिमी उरली असतानाच काढलेले बरे.