कम्युनिकेशन स्किल्सनी मी सुधारलो, की नुसता गुळगुळीत झालो?

सिन्नरचा बीई
रूमवर भांडण झालं तेच इथे आणतोय. रूममेट म्हणतो, दुसऱ्या वर्षापासून कॉलेजात जे ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन’ शिकवतात ती नुसती थेरं आहेत. बुजगावण्याला टाय बांधायचा, बाकी काही नाही. मला ते पटत नाही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. पुणे विद्यापीठात ईअँडटीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमला, आलो तेव्हा वर्गात शंका विचारायची तर आधी वाक्य मनात इंग्रजीत जुळवायचो. ते जुळेपर्यंत सर फळा पुसायचे. एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, मॅडमनी मोबाइलवर स्वतःची दोन मिनिटांची ओळख रेकॉर्ड करून आणायला सांगितली आणि आपणच ऐकून मोजायला लावलं. मी चौदा वेळा ‘बेसिकली’ म्हणालो होतो. आमच्या वीसच्या बॅचमध्ये सतरा जणांचा छंद ‘लिसनिंग म्युझिक’. वर्ग हसून हसून आडवा झाला, पण त्या दिवसानंतर मी माझा आवाज ऐकायला लागलो.

मग ईमेल. लॅबमधून सेन्सर हवा होता म्हणून गाइड सरांना लिहिलं. विषयाची ओळ रिकामी, सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’, शेवटी ‘ओबीडियंटली’, मध्ये चार ओळी माफी. काय हवंय ते कुठेच नाही. आठ दिवसांनी सरांचं उत्तर: नक्की काय पाहिजे? दुसऱ्यांदा तीन ओळी लिहिल्या: कोणता सेन्सर, किती दिवसांसाठी, कोणाच्या सहीवर. दुपारी सेन्सर हातात. ह्याला थेरं म्हणायचं?

निफाडकर
भावा, सेन्सर मिळाला, आनंद आहे. पण एका सेन्सरवरून माणूस घडला म्हणू नको.

आमच्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. लोक हे कौतुकाने म्हणतात. मला ती तक्रार वाटते. माती विकली जाते म्हणजे कुणीतरी फसतंय ना?

मी लासलगावला वडिलांबरोबर लिलावाला जायचो. ट्रॅक्टर रांगेत, व्यापारी येतो, मूठभर कांदा उचलतो, बोली होते, पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. वडील चांगले बोलतात, भजनी मंडळात निरूपण करतात. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव कोसळला, तेव्हा कुठलं निरूपण कामाला आलं? प्लेसमेंटचं तेच. 2023 नंतर आयटीत फ्रेशरची भरती आटली. आमच्या वर्गातली चांगली बोलणारी पोरंही घरी बसली. आणि कॉलेज म्हणतं, ‘तुमचा कॉन्फिडन्स कमी पडला’. दोष बाजाराचा, वळ पोरांच्या पाठीवर. ह्या विषयाचा खरा उपयोग एवढाच आहे.

इंग्लिश मीडियमवाली
निफाडकर, अर्धं पटलं. मी पुण्यातच वाढले, इंग्रजी घरातूनच आलं, त्यामुळे मला हा विषय ‘येतो’ असंच सगळे धरून चालले. एका जीडीत, म्हणजे प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये, आम्ही आठ जण होतो. माझ्या शेजारच्या मुलीकडे एकच मुद्दा होता, पण तोच सगळ्यात नेमका होता. ती हळू बोलली, कुणी ऐकलं नाही. मी तोच मुद्दा चकचकीत इंग्रजीत पुन्हा मांडला आणि पुढच्या फेरीत गेले. ती गेली नाही. मला तेव्हा तिचं नाव घेऊन ‘हे हिने आत्ता सांगितलं’ एवढं म्हणता आलं असतं. तीन वर्षं टाळ्या घेतल्या, पण हे एक वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. मग माझं कम्युनिकेशन चांगलं होतं असं कसं म्हणू?

चाकण, सेकंड शिफ्ट
जीडी-बिडी सोडा. मी डिप्लोमा करून लागलो, नंतर डिग्री. शिफ्ट बदलताना हँडओव्हरचं रजिस्टर असतं. माझ्या आधीच्या शिफ्टने लिहिलं होतं, ‘मशीन बघून घेणे’. मी बघितलं, चालू होतं. चाळीस मिनिटांनी बेअरिंग गेलं. चौकशीत तो म्हणाला, ‘मी लिहिलं होतं ना’. लिहिलं होतंच!

त्यानंतर मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगितलं, मराठीत लिहा, हिंदीत लिहा, पण तीन गोष्टी पाहिजेत: कुठला आवाज, कधीपासून, तुम्ही काय केलं. ट्रेनी पोरं इंग्रजी फाडफाड बोलतात आणि रजिस्टरमध्ये ‘ऑल ओके’ लिहितात. निफाडकर, तुमचं बाजाराचं खरं आहे, पण कामावर लागल्यावर माणूस बोलण्याने नाही, न सांगितलेल्या गोष्टीने अडकतो.

तासिका तत्त्वावर
मी हा विषय शिकवते. सत्तर मुलं, आठवड्याला एक तास, पगार तासावर. सत्तर जणांना दोन-दोन मिनिटं बोलायला दिली तर तीन आठवडे संपतात. मग जर्नल लिहून घेतो. मुलं ती जर्नल एकमेकांची उतरवून काढतात. संवादकौशल्याची जर्नल कॉपी! यावर मी हसणंही सोडलंय.

ज्या पुण्यात 1875 पासून वसंत व्याख्यानमाला भरते, जिथे लोक उन्हाळ्यातल्या संध्याकाळी भाषण ऐकायला जात आले, तिथे मी हात कसा मिळवावा यावर स्लाइड दाखवते. सिन्नरच्या मुलाला ज्या मॅडम भेटल्या त्यांची बॅच वीसची होती, हे त्यानेच लिहिलंय. तिथेच सगळं आलं. आणि हो, 2021 पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर मराठीतून शिकता येतं. पण आमच्याकडे प्रेझेंटेशन मराठीत द्यायची मुभा मागितली तर वरून उत्तर येतं, ‘इंडस्ट्रीला चालत नाही’. चाकणवाले, ऐकताय ना?

निफाडकर
मॅडम, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. विषय असा चालत असेल तर काढून टाका, त्या तासाला पोरांना वर्कशॉपमध्ये सोडा.

तासिका तत्त्वावर
काढून टाकला तर जीडीतली ती हळू बोलणारी मुलगी कुठे शिकणार? घरी? आपल्या घरात मोठ्यांमध्ये बोललं की ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’. मग एकविसाव्या वर्षी अनोळखी तीन माणसांसमोर बसवून म्हणायचं, बोल आता.

सिन्नरचा बीई
निफाडकर, बाजाराचं मी नाकारत नाही. मलाही अजून ऑफर नाही. पण एक राहिलं सांगायचं.

आमचा प्रोजेक्ट ठिबकचा आहे. मातीत ओल कमी झाली की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. कॉलेजात दोन रिव्ह्यू झाले, सगळे ‘गुड’ म्हणाले. दिवाळीत गावी मामाला मराठीत समजावून सांगितलं. इंग्रजी शब्द काढले तर माझ्याकडे सांगायला फारसं उरेना, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मलाच अर्धं समजलेलं नाही. मामाने एकच प्रश्न विचारला आणि मी गप्प झालो. दोन्ही रिव्ह्यूत तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

निफाडकर
लाईट गेल्यावर काय, हाच ना? आमच्याकडे मोटर ऑटोवर असते. रात्री दोनला लाईट आली की मोटर सुरू. तुझा व्हॉल्व्ह बंद असला तर पाइप फुटणार. ते सांग आधी.

सिन्नरचा बीई
हाच प्रश्न! ऐका. लाईट आल्यावर मोटर थेट सुरू होत नाही, आधी आमचा कंट्रोलर जागा होतो. तो ओल मोजतो. पाणी हवं असेल तर आधी व्हॉल्व्ह उघडतो, मग मोटरला हुकूम देतो. ओल पुरेशी असेल तर मोटर सुरूच होत नाही.

निफाडकर
आणि व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकला तर?

सिन्नरचा बीई
त्यावर दाब वाढला की मोटर बंद करणारा प्रेशर स्विच टाकतोय, अजून बसवलेला नाही. रविवारी येऊ का तुमच्या रानात?

निफाडकर
ये. चपला घालून येऊ नको, चिखल आहे.