सेफ्टी कार आली की पिट लेन बंद का करत नाहीत?

आउटलॅप

फॉर्म्युला वनमध्ये अपघात झाला की ट्रॅकवर सेफ्टी कार येते आणि सगळ्यांना तिच्यामागे हळू, रांगेत चालावं लागतं. तिच्या नावाने खडे फोडणाऱ्यांचा राग बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीवर असतो. "पंधरा सेकंदांची आघाडी एका झटक्यात गेली" म्हणून हळहळ. ती जाते, मान्य. पण ती सगळ्यांचीच जाते, आणि त्याला कारण आहे. मला खुपतं ते वेगळंच. सेफ्टी कार ट्रॅकवर असताना पिट लेन (टायर बदलायला थांबायची बाजूची गल्ली) उघडी असते आणि ज्याने अजून टायर बदललेले नाहीत त्याला निम्म्या भावात पिट स्टॉप मिळतो.

नव्यांसाठी हिशेब मांडतो. पिट लेनमध्ये वेगमर्यादा ताशी ८० किमी, मोनॅकोसारख्या अरुंद ठिकाणी ६०. टायर बदलायला दोन-अडीच सेकंद पुरतात; वेळ जातो तो त्या गल्लीतून रांगण्यात, कारण तेवढ्यात बाकीचे शेजारच्या सरळ पट्ट्यावरून तीनशेच्या आसपास निघून जातात. एकूण फटका बऱ्याच ट्रॅकवर वीस सेकंदांच्या आगेमागे. सेफ्टी कार आली की बाहेरचेही हळू होतात. तुम्ही ८० नेच चाललाय, पण शेजारचा आता सुसाट नाही. फटका जवळजवळ निम्म्यावर येतो.

समजा अ पुढे आहे आणि ब आठ सेकंद मागे. चोविसाव्या लॅपला (फेरीला) अ थांबतो, वीस सेकंद घालवतो आणि ब च्या बारा सेकंद मागे बाहेर येतो. ब ला सक्तीच्या टायरबदलासाठी अजून थांबायचंच आहे, म्हणजे अ चे आठ सेकंद शाबूत. पंचविसाव्या लॅपला भलताच कुणी तिसरा भिंतीवर आदळतो. सेफ्टी कार. ब दहा सेकंदांत काम उरकून अ च्या पुढे बाहेर! अ ने काय चुकवलं? काही नाही.

२०२४ ची मायामी आठवा. व्हर्स्टापेन टायर बदलून मोकळा झालेला, नॉरिस अजून थांबलेला नाही, मॅग्नुसन आणि सार्जंटची टक्कर, सेफ्टी कार, आणि नॉरिस पुढे. त्याचा वेग त्या दिवशी अफाट होता आणि रीस्टार्टनंतर तो पळूनही गेला, त्यामुळे विजय फुकटचा होता असं मी म्हणणार नाही. पण आघाडी फुकटची होती.

माझं म्हणणं: सेफ्टी कारचा बोर्ड लागला की पिट लेन बंद. पंक्चर झालेल्याला किंवा विंग मोडलेल्याला मुभा द्या, पण त्याने रांगेच्या शेवटी जायचं. बोला.

बॉक्सबॉक्स

साहेब, हे करून झालंय. २००७ आणि २००८ मध्ये हाच नियम होता: सेफ्टी कार आली की पिट बंद, गाड्या रांगेत आल्या की उघडा. त्यातून काय निघालं तर सिंगापूर २००८.

अलोन्सो पंधराव्या जागेवरून निघाला आणि बाराव्या लॅपलाच पिटमध्ये आला. चौदाव्या लॅपला त्याचाच सहकारी पिके (ज्युनिअर) सतराव्या वळणावर भिंतीवर आदळला. मुद्दाम आदळला, हे पुढच्या वर्षी बाहेर आलं. पिट बंद. रोझबर्ग आणि कुबिका यांच्या टाक्या रिकाम्या होत आल्या होत्या, त्यांना बंद पिटमध्ये जावंच लागलं आणि दोघांनाही शिक्षा झाली. अलोन्सो जिंकला. तुमचा नियम नसता तर तो बेत आखायचं कुणाला सुचलंच नसतं, कारण बंद पिटचा फायदा आधी थांबलेल्यालाच होतो.

आता तुमचेच अ आणि ब घ्या, फक्त पिट बंद करा. अ थांबलेला आहे, ब नाही. सेफ्टी कारमागे सगळे एकमेकांना चिकटले. अ चे बारा सेकंद भरून निघाले आणि तो थेट ब च्या मागे आला. रीस्टार्ट झाल्यावर ब ला पूर्ण वीस सेकंदांचा स्टॉप करायचाय, आणि मागची अख्खी रांग त्याला खेटून उभी आहे. तो बाहेर येईल तो शेवटून दुसरा-तिसरा. ब चा गुन्हा काय? एक लॅप उशिरा थांबणार होता, एवढाच.

तुमच्या नियमाने नशीब जात नाही, ते ब कडून अ कडे सरकतं. शिवाय उघड्या पिटमध्ये अ फक्त ब च्या दोन सेकंद मागे पडला, बंद पिटमध्ये ब थेट रांगेच्या शेपटाला जातो. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींत आजही कॉशनला (पिवळे झेंडे, सेफ्टी कार) पिट बंद होतो. तिथले इंजिनिअर काय करतात? थांबण्याची वेळ आली की लगेच थांबतात, कारण बाहेर राहून पिवळ्यात सापडण्याची धास्ती. टायर जपून लांब पल्ला ओढण्याची कला तिथे जुगार होऊन बसते.

नवखी

मध्येच विचारते, रागावू नका. "लॅप झालेल्या गाड्या पुढे जाऊ शकतात" असा संदेश येतो तेव्हा मागे पडलेल्यांना एक लॅप फुकट देतात का? आणि अबुधाबी २०२१ ला भांडण नक्की कशावरून झालं?

मार्शलपोस्ट

हो, देतात. सेफ्टी कारमागची रांग ट्रॅकवरच्या क्रमाने लागते, शर्यतीतल्या क्रमाने नाही. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये एक-एक लॅप मागे असलेले चार-पाच जण अडकलेले असू शकतात. रीस्टार्टला त्यांचा अडथळा नको म्हणून त्यांना सेफ्टी कार ओलांडून, पूर्ण फेरी मारून रांगेच्या शेपटाला यायला सांगतात.

अबुधाबीत ५८ पैकी ५३ व्या लॅपला लॅटिफी आदळला. हॅमिल्टन पुढे होता, जुन्या हार्ड टायरवर. व्हर्स्टापेनने स्वस्तातला पिट स्टॉप घेऊन नवे, जास्त जलद सॉफ्ट टायर घातले. दोघांच्या मध्ये लॅप झालेल्या पाच गाड्या. रेस डायरेक्टर मायकेल मासी यांनी फक्त त्या पाचांना जाऊ दिलं, त्यांच्या मागच्यांना नाही. आणि नियमाप्रमाणे आणखी एक लॅप थांबायचं सोडून सेफ्टी कार त्याच लॅपला आत घेतली. एक लॅप उरली, हॅमिल्टनचं विजेतेपद गेलं. निकाल कायम राहिला, मासींचं पद गेलं, आणि २०२२ पासून "सर्व" लॅप झालेल्या गाड्या असं नियमात स्पष्ट लिहिलं.

नवखी

आभार. म्हणजे तिथेही व्हर्स्टापेनला तो स्टॉप मिळाला नसता तर पाच गाड्यांचा प्रश्नच नव्हता?

आउटलॅप

नेमकं बोललात. लोक पाच गाड्यांवरून वर्षानुवर्षं भांडले. पिट बंद असता तर दोघेही जुन्याच टायरवर शेवटची लॅप लढले असते आणि मासींनी काहीही केलं असतं तरी एवढा गहजब झाला नसता.

बॉक्सबॉक्स, रोझबर्ग-कुबिकाचं उदाहरण आता लागू नाही. २०१० पासून शर्यतीत इंधन भरायचंच नाही, मग टाकी रिकामी होण्याचं संकट कुठून येणार? ब च्या हालाचं मात्र बरोबर आहे. पण ते हाल पिट बंद केल्याने होत नाहीत, रांग लावल्याने होतात. मग रांगच लावू नका. २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आहे: स्टीअरिंगवर वेळेचा आकडा दिसतो, त्याहून जलद जायचं नाही, प्रत्येक जण आपापलं अंतर राखून हळू चालतो. तीच लावा आणि त्या काळात पिट बंद. अ चे आठ सेकंद आठच राहतील.

बॉक्सबॉक्स

हे आधी सांगितलं असतं तर माझा अर्धा प्रतिसाद वाचला असता! कागदावर जमतंय. पण मार्शलसाहेब काय म्हणतात बघूया.

मार्शलपोस्ट

मला एवढंच सांगायचंय: रांग प्रेक्षकांसाठी लावतात असा सगळ्यांचा समज दिसतो. ती ट्रॅकवर उतरलेल्या माणसांसाठी, म्हणजे अपघातानंतर सफाई करणाऱ्या मार्शलांसाठी लावतात. वीस गाड्या पाच किलोमीटरवर पसरलेल्या असतील तर दर चार-पाच सेकंदांनी एक गाडी समोरून जाते. हळू म्हणजे काय हळू, तरी ती फॉर्म्युला वनची गाडी आहे. त्यात झाडू घेऊन काचा गोळा करून दाखवा. सगळ्या एका ठिकाणी गोळा झाल्या की रांग एकदाच समोरून जाते आणि पुढची मिनिटभराहून जास्त वेळ ट्रॅक मोकळा. क्रेन त्या वेळात आत येते, गाडी उचलते, बाहेर जाते.

व्हर्च्युअल आली तीच मुळात सुझुका २०१४ नंतर. डबल पिवळे झेंडे (खूप हळू व्हा, थांबायची तयारी ठेवा) हलत होते, पावसात बियांकीची गाडी घसरली आणि सुटिलची गाडी उचलणाऱ्या ट्रॅक्टरवर गेली. पुढच्या जुलैत तो गेला. २०२२ ला त्याच सुझुकात, पावसातच, सेफ्टी कारची रांग गाठायला निघालेला गास्ली ट्रॅकवरच्या क्रेनजवळून गेला. रांग लागायच्या आधीचा वेळ किती वाईट असतो ते त्यातून दिसतं. तोच वेळ तुम्ही शेवटपर्यंत ताणायला सांगताय.

गाडी आडबाजूला उभी असेल तर व्हर्च्युअल पुरते. भिंतीची दुरुस्ती किंवा ट्रॅकभर तुकडे असतील तर नाही.

गॅलरी

अंतर राखा, पिट बंद करा, मग शर्यत कशाला? वेळापत्रक वाचून दाखवा. मॉन्झा २०२० विसरलात? मॅग्नुसनची गाडी पिटच्या तोंडाशी थांबली म्हणून पिट बंद झाला, आघाडीवरचा हॅमिल्टन तरी आत शिरला, दहा सेकंद थांबण्याची शिक्षा (स्टॉप-गो) खाल्ली आणि सातवा आला. जिंकला गास्ली, जो नुकताच थांबून आला होता. सैंझ अर्ध्या सेकंदाहून कमी अंतराने मागे. असा दिवस पुन्हा कधी बघायला मिळणार?

बॉक्सबॉक्स

गॅलरीशेठ, तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत. पिट बंद झाला आणि आधी थांबलेल्याची लॉटरी लागली.

अवांतर: त्याच शर्यतीत रेड फ्लॅग लागल्यावर (शर्यत थांबवल्यावर) स्ट्रोलने उभ्या गाडीला टायर बदलून घेतले. स्टॉपचा खर्च शून्य. आउटलॅप यांना निम्म्या भावाचा एवढा राग येतो तर ह्याचा किती यायला हवा!

आउटलॅप

त्याचा दुप्पट येतो. मोनॅको २०२४ ला पहिल्याच लॅपला रेड फ्लॅग, सगळ्यांनी सक्तीचा टायरबदल उभ्याउभ्या उरकला आणि पहिले दहा ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचले. गॅलरी यांना तो दिवस पुन्हा बघायचाय का?

मार्शलपोस्ट यांच्या मुद्द्याला मात्र बगल देणार नाही. रांग लागलीच पाहिजे तर लागू दे. मग रांग लागण्याआधीची अंतरं नोंदवून ठेवा आणि अंतिम वेळेत मिळवा.

मार्शलपोस्ट

रेड फ्लॅगनंतर पूर्वी तसंच करायचे. सुझुका १९९४: पहिल्या भागात शूमाखर साडेसहा सेकंदांहून जास्त पुढे, दुसऱ्या भागात हिल पुढे. दोन्ही भागांची बेरीज करून हिल ३.३६५ सेकंदांनी जिंकला. हिल डोळ्यांना स्पष्ट पुढे दिसत होता, पण जिंकतोय की हरतोय ते घड्याळवाल्यांनाच ठाऊक. ती पद्धत मोडीत काढली ती उगाच नाही.

गॅलरी

मला तर ती शर्यत फार आवडते. शेवटच्या लॅपपर्यंत बेरजा चालू!

बॉक्सबॉक्स

घ्या. ज्यांना वेळापत्रक नको होतं त्यांना आता बेरजा हव्यात.

आउटलॅप, तडजोड सुचवतो. पिट उघडाच ठेवा, पण सेफ्टी कार असताना घेतलेला स्टॉप सक्तीच्या टायरबदलात धरू नका. टायर हवेत तर घ्या, पण हिरव्या झेंड्याखाली (शर्यत पूर्ण वेगात चालू असताना) एकदा थांबावंच लागेल.

आउटलॅप

विचार करण्यासारखं आहे. पण सेफ्टी कार शेवटच्या पाच लॅपला आली तर? तोवर सगळ्यांचा हिरव्यातला स्टॉप झालेला असेल, आणि अबुधाबी जशीच्या तशी घडेल.

बॉक्सबॉक्स

शेवटच्या पाचात रेड फ्लॅग लावा, टायरला हात लावू देऊ नका, उभ्या जागेवरून रीस्टार्ट.

मार्शलपोस्ट

उभ्या जागेवरून, थंड टायर, पाच लॅप, सगळे पेटलेले. मेलबर्न २०२३ ला दोन लॅप उरल्या असताना नेमकं हेच केलं आणि पहिल्या काही वळणांत गाड्यांचा खच पडला. पुन्हा रेड फ्लॅग. अशा दिवशी ट्रॅकशेजारच्या मार्शल पोस्टवर उभं राहायला कोण तयार आहे ते आधी विचारा.