हॅलिबटमध्ये ग्रीनलँड पहिला? कसला पहिला?

आकडेमोड: काल इथे 'बोलका तक्ता' यांनी हॅलिबट या चपट्या समुद्री माशाच्या देशवार उत्पादनाचा तक्ता टाकला. ग्रीनलँड अव्वल, अमेरिका-कॅनडा मागे, आणि खाली शेरा: "अमेरिकेला मासेमारी जमत नाही." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. ग्रीनलँडच्या इलुलिसाट, उपेर्नाविककडे बर्फाला भोक पाडून लाँगलाइनवर (अनेक गळ लावलेल्या लांब दोरीवर) काढतात तो ग्रीनलँड हॅलिबट. अलास्काचा पॅसिफिक हॅलिबट ही जातच निराळी. वर वजनाचा घोळ. अमेरिका-कॅनडाचा पॅसिफिक हॅलिबट आयोग मुंडकं-आतडी काढलेलं वजन पौंडात देतो, एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) जिवंत वजन टनात. 100 किलोचा मासा आयोगाच्या वहीत 75 किलो. तुम्ही पौंडांचे सरळ टन करून मोकळे!

बोलका तक्ता: मास्तर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या जॉर्जेस बँकवरचा अटलांटिक हॅलिबट (तिसरी जात) एकोणिसाव्या शतकातच कुणी संपवला? ग्रीनलँडने?

कोडियाकवाला: अलास्कातल्या कोडियाकला एका मासळी कारखान्यात हंगामभर राबलोय, म्हणून बोलतो. पोटात बर्फ ठासलेला मासा दोघांनी उचलून काट्यावर टाकायचा. बर्फ आणि बुळबुळीपोटी 2 टक्के कापले की कप्तान आमच्या अंगावर यायचा. तर वजनाचं तुम्ही मला सांगू नका. खरी चोरी कोट्यात आहे. 1995 साली अलास्कात वैयक्तिक कोटा, म्हणजे मासेमारीचा ठरलेला वाटा, आला, तो फुकट मिळाला 1988 ते 1990 मध्ये मासा उतरवणाऱ्या मालकांना. खलाशांना भोपळा! आमचा कप्तान पगारी. कोट्याचा धनी बोटीवर कधी फिरकला नाही.

आकडेमोड: विषय काय, चाललंय काय! कोट्याआधी हंगाम 24 तासांपुरता उघडायचा, मग जो जास्त पकडेल त्याचा, अशा शर्यती असायच्या. वादळ असलं तरी बोटी सुटायच्या, माणसं बुडायची. ते बरं होतं? कॅनडाने तर 1991 मध्येच बोटवार कोटा केला.

कोडियाकवाला: शर्यत वाईट म्हणून जमीनदारी चांगली? खुर्चीवरून सोपं असतं. आणि ट्रॉलर, मोठं जाळं ओढणाऱ्या बोटी? अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात त्यांच्या जाळ्यात आलेला हॅलिबट विकायला बंदी, परत पाण्यात टाकायचा. त्यातला बराचसा मरतो. तो कुठल्या रकान्यात?

सागरसखी: दोघंही जरा दमानं घ्या. आइसलँडने 2012 पासून अटलांटिक हॅलिबटची थेट मासेमारी बंद केली. नॉर्वेत दोन मीटरपेक्षा मोठा सोडून द्यावा लागतो. उत्पादन कमी म्हणजे जमत नाही, या हिशोबाने आइसलँडही नापास?

बोलका तक्ता: बरं बाई. जाती वेगळ्या करतो, पौंड-टन बघतो. ग्रीनलँड हॅलिबटच्या रकान्यात तरी ग्रीनलँडला पहिला राहू द्याल, की त्यालाही आयोगाची परवानगी?

आकडेमोड: राहू दे. तेवढं बरोबर आहे. तो शेरा खोडा.

बोलका तक्ता: शेरा माझं मत आहे.

कोडियाकवाला: ट्रॉलरचं कुणीच बोलत नाही. वाटलंच होतं.