मदत हवी आहे: नदीकाठच्या दाट झाडीत मुक्काम, तंबूसाठी तीनपैकी कोणती जागा घेऊ?

मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही नदीकाठच्या एका जंगलातल्या कॅम्पसाइटवर मुक्कामाला चाललो आहोत. मी, नवरा, लहान मुलगी आणि सासूबाई. तंबू आमचाच आहे, पण आजवर तो उघड्या माळावरच लावलाय. झाडीत आणि पाण्याजवळ पहिल्यांदाच राहणार आहोत. तिथल्या व्यवस्थापकांनी तीन जागांचे फोटो पाठवून "एक निवडून कळवा" म्हटलंय.

पहिली जागा अगदी पाण्याला लागून. सपाट, मऊ वाळू, समोर नदी. दुसरी काठापासून थोडी वर, एका जुन्या, प्रचंड झाडाखाली, दिवसभर गर्द सावली. तिसरी चढावर, मध्यम उंचीच्या झाडांमध्ये. तिथून स्वच्छतागृह जवळ आहे, पण सावली विरळ, आणि नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते.

मुलीचा जीव पहिलीत अडकलाय. सासूबाईंना दमा आहे, ओल सोसत नाही आणि उन्हाचाही त्रास होतो, त्यामुळे माझा कल दुसरीकडे आहे. त्यांना त्रास झाला तर मला ते फार लागेल, म्हणून आधीच विचारतेय. अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, पहिली जागा आत्ताच बाद करा. तिथे वाळू आहे ती नदीनेच आणून टाकलेली, म्हणजे पाणी तिथवर येतं. त्यासाठी तुमच्या डोक्यावर पाऊस पडायलाच हवा असं नाही. वरच्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला की खाली चांदणं असतानाही पाणी चढतं. वर धरण असेल तर विसर्गामुळेही चढतं.

फोटो मोठे करून बघा. झुडपांत अडकलेल्या काटक्या, वाळलेलं गवत, खोडांवर गाळाची रेघ दिसतेय का? ती जितकी उंच, तितका पूर येऊन गेलेला आहे. आणि तिथे असताना पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा नदीचा आवाज बदलला, तर सामान आवरत बसू नका. माणसं घेऊन सरळ उंचावर चढा. अंधारात या खुणा दिसत नाहीत, झोपेत तर कळतच नाहीत, म्हणून रात्रीची जागा काठावर नको.

पाण्यापासून साधारण ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची ८० एक पावलं, दूर राहावं असा संकेत आहे. त्यामुळे काठची झाडंझुडपं तुडवली जात नाहीत आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही मोकळी राहते.

प्रतिसाद

दुसऱ्या जागेबद्दल मला काळजी वाटते. जुन्या झाडाखाली तंबू लावायच्या आधी मान वर करून पाहावं. वाळलेल्या फांद्या आहेत का, तुटून नुसती अडकून राहिलेली एखादी आहे का, बुंध्यावर अळंबी उगवलीय का (आतून कुजत असल्याची ती खूण). वारा पडलेला असतानाही मोठी फांदी मोडून खाली येते. शिवाय भोवतालच्या झाडांपेक्षा उंच असलेल्या झाडावर वीज पडायची शक्यता जास्त. एकसारख्या, मध्यम उंचीच्या झाडांतली तिसरी जागा मला बरी वाटते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पहिली बाद. पण विरळ सावलीत दव जास्त पडणार ना? ओलीचं काय करू?

प्रतिसाद

दव उघड्यावर जास्त पडतं हे खरं. मोकळ्या आकाशाखाली तंबूचं कापड रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं आणि बाष्प त्यावर जमतं. वर पानांचं छत असलं की ते तेवढं थंड होत नाही. पण नदीकाठी दुसरी गोष्ट घडते. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घरंगळत येऊन सखल भागात साचते, आणि तिथली हवा पाण्यामुळे आधीच दमट. म्हणून थोडी चढावरची जागा अधिक कोरडी आणि उबदार लागते, विरळ सावलीतसुद्धा.

तंबूच्या आतली ओल बरीचशी आपल्याच श्वासाची. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या चेन गच्च लावतात आणि सकाळी छतातून थेंब टपकतात. वरच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी उघड्या ठेवा, हवा खेळली पाहिजे. ओले कपडे-टॉवेल आत आणू नका. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावर पडून तळाखाली शिरतं.

सासूबाईंना खाली झोपवणार असाल तर नुसती हवेची गादी नको, आतली हवा गार पडते. खाली फोमची चटई हवीच. तंबूखालचा कुजका पालापाचोळा बाजूला सारा. त्यातल्या बुरशीने दमा उसळू शकतो. शेकोटी असेल तर त्यांना धुराच्या वाटेत बसवू नका आणि इन्हेलर उशाशी ठेवा. कितीही गारठा असला तरी तंबूत कोळसा किंवा शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच घात होतो.

आणि सावली "किती" यापेक्षा "कुठल्या बाजूला" ते विचारा. पश्चिमेला झाडं दाट आणि पूर्व मोकळी असेल तर उत्तम. सकाळच्या उन्हात तंबू लवकर वाळेल आणि दुपारनंतरचा ताप अडेल.

प्रतिसाद

नदीचं पाणी नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. गढूळ असेल तर आधी गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट उकळू द्या. २००० मीटरहून जास्त उंचीवर ३ मिनिटं.

धागाकर्ती

तिसरी जागा कळवतेय. सोबत वर धरण आहे का, विसर्गाआधी भोंगा वाजतो का आणि झाडं कुठल्या बाजूला आहेत, हेही विचारते. मुलीला मात्र नदीकाठी खेळायचंच आहे. तिला कसं सांभाळावं?

प्रतिसाद

दिवसा खुशाल न्या. मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर हवं, लांब बसून लक्ष ठेवणं पुरत नाही. शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरतो, म्हणून मागे पट्टा असलेल्या घट्ट चपला घाला. पाण्यात उतरणार असेल तर तिच्या मापाचं लाइफ जॅकेट हवं. गुडघाभर पाणीही ओढ असेल तर मोठ्या माणसाला पाडतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह जोराचा आणि पात्र खोल असतं, खेळायला आतली बाजू घ्या.