कॉस्टकोच्या फूड कोर्टात बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनी काय घ्यावं, आणि कसं?

उंबरठा
शनिवारी दुपारी आम्ही सहा जण कॉस्टकोला (अमेरिकेतलं, मेंबरशिपवर चालणारं मोठं दुकान) जाणार आहोत. चार मोठे, दोन मुलं. जेवण तिथल्या फूड कोर्टातच उरकायचं आहे. सासू-सासरे शाकाहारी, अंडं चालतं. आम्ही दोघं चिकन खातो. बीफ आणि पोर्क घरात कुणालाच चालत नाही. सासऱ्यांना बीपीचा त्रास आहे, त्यामुळे मिठाकडेही बघावं लागेल. प्रश्न असे:
- मेनूतलं नक्की काय चालेल? चिकन बेक म्हणजे फक्त चिकनच ना?
- मेंबरशिप कार्ड आम्हा दोघांकडेच आहे. बाकीच्यांना बसता येईल का?
- रोख पैसे चालतात का?
- अख्खा पिझ्झा घेणं परवडतं की सुटे स्लाइस?

---

कढीलिंब
आधी चिकन बेकचं सांगते, कारण आपली बहुतेक मंडळी तिथेच फसतात. चिकन बेकमध्ये बेकन असतं, म्हणजे पोर्क. नावात चिकन आहे आणि बाहेरून नुसती पावाची वळकटी दिसते, त्यामुळे शंका येत नाही. आत चिकन, चीज, कांद्याची पात, बेकनचे बारीक तुकडे आणि सीझर ड्रेसिंग असतं. ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचा मासा असतो, तोही लक्षात ठेवा. "बेकन काढून द्या" म्हणून उपयोग नाही, सारण आधीच भरलेलं असतं.

हॉट डॉग शंभर टक्के बीफचा. अमेरिकेतल्या मेनूत चिकनचा किंवा व्हेज हॉट डॉग नाही. त्याच दीड डॉलरच्या कॉम्बोमुळे (हॉट डॉग आणि सोडा, म्हणजे कोलासारखं पेय) लोक तिथे रांगा लावतात (ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून किंमत बदललेली नाही), पण तुमच्या कामाचा नाही. कॉम्बोतला सोडा हवा असेल तर तो सुटा घ्या, डॉलरच्या आत मिळतो आणि रिफिलही होतो.

पेपरोनी पिझ्झात पोर्क आणि बीफ दोन्ही. राहिला चीज पिझ्झा. पूर्वी भाज्या घातलेला कॉम्बो पिझ्झा मिळायचा, तो 2020 मध्ये बंद झाला. त्यातही सॉसेज असायचंच, त्यामुळे शाकाहारी लोकांचं काही गेलं नाही.

गोडात सॉफ्ट सर्व्ह आइस्क्रीम आणि चॉकलेटची मोठी कुकी. कुकीत अंडं आहे, तुमच्याकडे चालतं म्हणून ठीक. चुरो (साखर लावलेली गोड कांडी) शोधू नका, 2024 मध्ये त्याच्या जागी ही कुकी आली.

तुम्हा दोघांसाठी चिकन सीझर सॅलड आहे. पोर्क नाही, पण ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही धरूनच चाला. मासे खात असाल तर प्रश्न नाही, नाहीतर ड्रेसिंग बाजूला ठेवा. दुसरा मार्ग दुकानातच आहे: 4.99 डॉलरचं रोटिसरी चिकन (सळईवर भाजलेलं अख्खं चिकन) घ्या, बिल करा आणि बाहेर टेबलावर आणून खा. काटे-चमचे, नॅपकिन फूड कोर्टाच्या खिडकीवर मिळतात. ताटं मात्र मिळतील असं धरू नका, घरून दोन कागदी प्लेट्स न्या. चिकन फाडताना हात तुपकट होतात आणि मग नॅपकिन कितीही असले तरी कमीच पडतात.

---

तिसरी घंटा
पिझ्झ्याचा हिशेब अगदी सोपा आहे.

अख्खा पिझ्झा 18 इंची, सध्या 9.95 डॉलर. स्लाइस 1.99 डॉलर. सुटा विकला जाणारा स्लाइस म्हणजे अख्ख्या पिझ्झ्याचा सहावा भाग. पाच स्लाइस घेतले की 5 × 1.99 = बरोबर 9.95. म्हणजे पाच घेणार असाल तर अख्खा घ्या, सहावा फुकट पडतो. चारपर्यंत सुटे परवडतात. वर राज्याप्रमाणे सेल्स टॅक्स लागतो, कारण गरम तयार अन्नावर बहुतेक ठिकाणी कर असतो.

अख्खा पिझ्झा सहसा 12 तुकड्यांत कापून देतात. तुम्हा सहा जणांना प्रत्येकी दोन. मुलं एका तुकड्यावर थांबतील आणि सासूबाईही बहुधा, म्हणजे पुरून उरेल. खिडकीवरच्या सुट्या स्लाइसचा आकार डोळ्यांसमोर ठेवून "दोनच तुकडे?" असं म्हणू नका. हे बारा तुकडे त्याच्या निम्मे असतात.

दोन चुका लोक हमखास करतात. एक, बाराच्या सुमारास पोचून तिथे उभं राहून अख्खा पिझ्झा मागवतात. शनिवारी बारा ते दोन ही सगळ्यात वाईट वेळ, वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. त्यापेक्षा वेअरहाऊसला (म्हणजे त्या कॉस्टकोलाच) फोन करून फूड कोर्टाला जोडून मागा, बऱ्याच ठिकाणी अख्ख्या पिझ्झ्याची ऑर्डर फोनवर घेतात. आणायची वेळ सांगा आणि पैसे गेल्यावर भरा. तुमच्या इथे फोनवर घेत नसतील तर खरेदीला शिरण्याआधीच ऑर्डर करा.

दुसरी चूक म्हणजे खरेदीची भरलेली ढकलगाडी घेऊन जेवायला बसणं. फूड कोर्ट बहुतेक ठिकाणी चेकआउटच्या पलीकडे असतं, त्यामुळे खरेदी आधी आणि जेवण मग असाच क्रम पडतो. तेवढ्यात गोठवलेले मटार आणि आइस्क्रीम विरघळायला लागतात. आधी जेवा, मग खरेदीला जा. पोट भरलेलं असलं की गाडीत नको त्या वस्तूही कमी पडतात, हे आपलं जाता जाता.

---

मेतकूट-भात
पैसे आणि कार्डाबद्दल.

एका कार्डावर दोन पाहुणे आणि 18 वर्षांखालची मुलं आत नेता येतात. तुमच्याकडे दोन कार्डं आहेत, तेव्हा दाराशी काहीच अडचण नाही. ऑर्डर मात्र मेंबरनेच करायची. 2024 च्या एप्रिलपासून फूड कोर्टालाही मेंबरशिपची अट काटेकोरपणे लावलेली आहे. सासऱ्यांना कियॉस्कपाशी (ऑर्डर द्यायच्या पडद्यापाशी) एकटं पाठवलंत तर ते रिकाम्या हाताने परत येतील. बसून खायला कुणालाही हरकत नाही.

कियॉस्कवर:
1. सुरुवातीलाच मेंबरशिप कार्ड स्कॅन करा. फोनमधलं डिजिटल कार्डही चालतं, पण पडद्याची चमक वाढवा, अंधूक असेल तर स्कॅनर वाचत नाही.
2. पदार्थ निवडा. "चीज" आणि "पेपरोनी" शेजारी-शेजारी असतात आणि चित्रं जवळपास सारखीच दिसतात. पैसे भरण्याआधी पावतीचा तपशील वाचा. चुकीचा पिझ्झा हातात आल्यावर रांगेत पुन्हा उभं राहण्यापेक्षा ते बरं.
3. कार्डाने पैसे भरा. क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा. मास्टरकार्ड, अमेक्स, डिस्कव्हर क्रेडिट चालत नाही. पिनवालं डेबिट कार्ड चालतं.
4. पावतीवर नंबर येतो. तो खिडकीवरच्या पडद्यावर लागला की घ्यायला जा.

कियॉस्क रोख घेत नाही. रोख द्यायची असेल तर खिडकीवर माणूस आहे का बघा, सगळीकडे नसतो.

आणि एक्झिक्युटिव्ह (जास्त फीची) मेंबरशिप असली तरी फूड कोर्टच्या खर्चावर 2 टक्के परतावा मिळत नाही. एका पिझ्झ्यावर वीस सेंटचा प्रश्न आहे, पण लोक विचारतात म्हणून सांगितलं.

---

उंबरठा
कढीलिंबताई, बेकनचं सांगितलंत ते फार बरं झालं, मी तर तेच मागवणार होते! अजून दोन शंका. चीज पिझ्झातल्या चीजमध्ये रेनेट (दूध फाडायला वासराच्या जठरातून काढतात ते) असतं का? सासूबाई पनीर सोडून दुसरं कुठलंही चीज घेताना लेबल वाचतात. आणि पेपरोनी पिझ्झा कापलेली सुरीच चीज पिझ्झालाही लागते का?

---

सोऱ्या_आणि_चकली
सुरीचं आधी. होय, धरूनच चाला. एकाच टेबलावर दोन्ही पिझ्झे बनतात, त्याच सुरीने किंवा त्याच फावड्याने हाताळले जातात. अख्खा पिझ्झा घेतलात तर एक फायदा आहे: "कापू नका" असं सांगता येतं. मग घरी किंवा टेबलावर स्वतःच्या स्वच्छ सुरीने कापा. प्लास्टिकची सुरी या पावापुढे टिकत नाही. स्वयंपाकघरातली साधी कात्री न्या, त्रिकोण सरळ निघतात. भट्टी मात्र एकच असते, तिला इलाज नाही.

रेनेटचं जरा नीट सांगतो, कारण यावर उलटसुलट बोललं जातं. रेनेटमधलं, दूध फाडण्यासाठी लागणारं कायमोसिन हे एन्झाइम परंपरेने वासराच्या जठरातून काढत. 1990 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) सूक्ष्मजीवांकडून आंबवून तयार केलेल्या कायमोसिनला मान्यता दिली. त्यानंतर अमेरिकेतलं बहुतेक चीज त्यावरच बनू लागलं, कारण ते स्वस्त आणि एकसारखं मिळतं. त्यामुळे शक्यता शाकाहारी एन्झाइमची जास्त. पण लेबलवर नुसतं "एन्झाइम्स" लिहिलं तरी कायद्याला पुरतं, आणि कोणत्या जातीचं ते सांगायचं बंधन नाही. म्हणून खात्री हवी असेल तर खिडकीवरच्या माणसाला विचारून ती मिळणार नाही, त्याला तेच माहीत असतं जे पाकिटावर छापलंय. सासूबाई "बहुधा" वर समाधान मानत असतील तर पिझ्झा, नसतील तर सॉफ्ट सर्व्ह.

पार्मेजानच्या (किसलेल्या कडक चीजच्या) छोट्या पुड्या मिळतात त्या मात्र शाकाहाऱ्यांनी टाळाव्यात. इटलीतलं अस्सल पार्मेजान वासराच्या रेनेटशिवाय बनतच नाही. अमेरिकेतलं तसं असेलच असं नाही, पण पुडीवरून कळत नाही.

सॉसमध्ये लसूण असतो असं धरा. जैन मंडळी किंवा चातुर्मास पाळणारे असतील तर त्यांच्यासाठी हा पिझ्झा नाही.

---

कढीलिंब
सासऱ्यांच्या बीपीचं राहिलं होतं. अमेरिकेत वीस किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना 2018 पासून मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, आणि मागितल्यास सोडियमसकट लेखी माहिती द्यावी लागते. फलकावर चीज स्लाइससमोर 700 च्या आसपास कॅलरी दिसतील, तो सहाव्या भागाचा आकडा आहे. बारा तुकड्यांतल्या एकाला त्याच्या निम्मे. मीठही तसंच: मोठ्या स्लाइसचं सोडियम हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातं, आणि दिवसभराची मर्यादा 2300 धरतात. त्यांना एक छोटा तुकडा द्या, सोबत घरची काकडी-गाजर. रोटिसरी चिकनही मिठाच्या पाण्यात मुरलेलं असतं, तेव्हा "भाजलेलं आहे, तेल नाही" म्हणून ते आपोआप निरोगी होत नाही. सासरे शाकाहारी आहेत म्हणा, पण वाचणारे बाकीचे आहेत.

सोड्याचा पेला 20 औंसांचा. बर्फाशिवाय भरला तर साखरेच्या कोल्यात 60 ग्रॅमच्या वर साखर. मुलांना एकच पेला वाटून द्या, रिफिल आहेच. 2025 पासून मशीन पुन्हा कोकचं आहे, मधली बारा वर्षं पेप्सी होतं.

---

तिसरी घंटा
सॅम्स क्लबबद्दल (कॉस्टकोसारखंच दुसरं मेंबरशिपवालं दुकान) कुणी विचारेल म्हणून: तिथेही हॉट डॉग बीफचाच, कॉम्बो 1.38 डॉलर. फरक एवढाच की तिथे मास्टरकार्ड वगैरे चालतात आणि कॅफेची ऑर्डर अ‍ॅपवरून देता येते. शाकाहारी लोकांची निवड तशीच, चीज पिझ्झा.

उरलेल्या पिझ्झ्याचं: 18 इंची खोका म्हणजे जवळपास 46 सेंटिमीटर. सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते आणि चीज एका कडेला गोळा होतं. पुढच्या सीटच्या पायापाशी किंवा डिकीत सपाट ठेवा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, बाहेर 90 फॅरनहाइटच्या वर असेल तर एका तासात. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, बुड चामड्यासारखं होतं. जाड तव्यावर मंद आचेवर तीन मिनिटं, मग कडेला पाण्याचे चार थेंब टाकून झाकण, आणखी दोन मिनिटं. बुड कुरकुरीत होतं आणि वाफेने चीज सुटतं. झाकण लवकर ठेवलं तर मात्र दोन्ही बिघडतं.

---

उंबरठा
फोन करून विचारलं, फोनवर ऑर्डर घेतात. साडेअकराला एक चीज पिझ्झा सांगते, न कापलेला. कात्री पिशवीत टाकली.